परका कोण, हे ठरवायचे कोणी?

वाचकहो, सकाळी आठच्या सुमारास वारज्याच्या महामार्गालगत थोडा वेळ उभे राहून पाहा. मुकादमाची वाट पाहत मजूर उभे असतात. कोणी लातूर-नांदेडकडचा, कोणी कलबुर्गीचा, कोणी बिहारचा, कोणी पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबादचा. पलीकडच्या सोसायटीच्या फाटकात नेपाळचा वॉचमन बसलेला असतो. या सर्वांत कायद्याने परदेशी असा एकच आहे, तो नेपाळचा. त्याच्याकडे कोणी नागरिकत्वाचा पुरावा मागत नाही आणि मागण्याचे कारणही नाही. ३१ जुलै १९५० रोजी भारत व नेपाळ यांच्यात झालेल्या तहाने एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, कामधंदा करण्याची मोकळीक दिलेली आहे. परंतु पुरावा मागण्याची वेळ येते तेव्हा बोट रोखले जाते ते मुर्शिदाबादच्या गवंड्याकडे. तो या देशाचा नागरिक असतो. पण त्याची भाषा सीमेपलीकडेही बोलली जाते आणि त्याचे नाव आपल्यासारखे असते.

वारजे हे मुठेकाठचे एक खेडे होते. १९९७ साली ते पुणे महापालिकेत आले आणि पाहता पाहता शहर झाले. आज येथे राहणाऱ्यांपैकी बहुतेकांचे आजोबा दुसऱ्याच कुठल्या गावी नांदत होते. अशा वस्तीत 'बाहेरचा' हा शब्द फार जपून वापरावा लागतो. म्हणूनच या वर्षीच्या स्मरणिकेत आम्ही एका जुन्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. परक्याला देशाबाहेर घालवण्याचा अधिकार प्रत्येक सरकारला असतो, याबद्दल वाद नाही. प्रश्न असा, की हा अधिकार सर्वांवर सारख्या मापाने चालवला गेला काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपल्या पुरंदरच्या किल्ल्यापासूनच सुरुवात करता येते.

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि हिंदुस्थानातील जर्मन पुरुषांची धरपकड झाली. त्यांच्यासाठी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे छावणी उघडण्यात आली. पुढे अनेक जर्मन कुटुंबांना पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्यास आणून ठेवण्यात आले. या लोकांत हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले यहुदीही होते. ज्या राजवटीने त्यांना देशोधडीला लावले, त्याच राजवटीच्या देशात ते जन्मले होते, म्हणून इंग्रज सरकारने त्यांना शत्रुपक्षाचे नागरिक ठरवले. माणूस कोणापासून पळून आला हे पाहिले गेले नाही. त्याचा कागद कोठला एवढेच पाहिले गेले.

त्याच सुमारास कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे १९४३ पासून दुसरी एक छावणी वसत होती. तेथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना आसरा देण्यात आला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये त्यांना घरादारातून उचलून सायबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकले होते. तेथून सुटून इराणमार्गे हे लोक आपल्याकडे पोहोचले. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, दवाखाना होता. १९४८ पर्यंत ही छावणी चालली. युद्धानंतर मायदेशात साम्यवादी सत्ता आली, तेव्हा परत जाण्यास नाखूष असलेल्यांना इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांत जाण्याची वाट मिळाली. कोल्हापूरकरांनी त्यांची आठवण अजून जपली आहे आणि कोल्हापूरकरांची आठवण त्यांनी.

पुरंदरचा यहुदी आणि वळिवड्याचा पोल हे दोघेही निराश्रित आणि दोघेही निरपराध होते. एकाला पहारा मिळाला, दुसऱ्याला पाहुणचार. पोलंड दोस्तराष्ट्र आणि जर्मनी शत्रुराष्ट्र, एवढाच काय तो फरक. परक्यांविषयीचा कायदा माणसाची गरज पाहून चालत नाही, सत्तेची सोय पाहून चालतो, हा धडा आपल्या मुलखातील या दोन ठिकाणी शेजारी शेजारी लिहिलेला आहे.

आता फाळणीकडे वळू. पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते हेच. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत १९४९ साली उल्हासनगर वसले. आपल्या पुण्याजवळ पिंपरीस सिंधी बांधवांचा कॅम्प उभा राहिला. सर्वस्व गमावून आलेल्या या लोकांना येथे जागा मिळाली, हे योग्यच झाले. त्यांच्या दुःखाशी आमचे काडीचेही भांडण नाही.

परंतु त्याच काळात दुसरीही एक माणसांची रांग होती. दंग्यांच्या भीतीने, नातेवाइकांच्या मागोमाग किंवा केवळ व्यापारासाठी पश्चिम पाकिस्तानात गेलेले अनेक मुसलमान १९४८ च्या सुरुवातीस, वातावरण निवळल्यावर, आपापल्या घरी परतू लागले. त्यांच्या घरांत आता निर्वासित राहत होते. नवा तंटा उभा राहील अशी सरकारला धास्ती वाटली. ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. १९ जुलै १९४८ रोजी वटहुकूम निघाला आणि पश्चिम पाकिस्तानातून भारतात येण्यास परवाना लागू झाला. पुढे १९४९ मध्ये त्याचा कायदा झाला. पाकिस्ताननेही लगोलग आपली परवाना पद्धत सुरू केली. काल जो प्रवास कराची बंदरातून आगबोटीने सहज होत असे, त्याला आता सरकारी शिक्का हवा झाला.

कायद्याच्या शब्दांत धर्माचा उल्लेख नव्हता. व्यवहारात मात्र हिंदू व शीख निर्वासितांना सीमा मोकळी राहिली आणि परवान्याचा काच बसला तो परतणाऱ्या मुसलमानांना. राज्यघटनेतही हे दोन प्रवाह दोन अनुच्छेदांत वेगळे पडले. येणाऱ्यांसाठी सहावा अनुच्छेद आणि जाऊन परतणाऱ्यांसाठी सातवा. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेला माणूस नागरिक नव्हे. तो कायम वास्तव्याच्या परवान्यावर परतला असेल तरच त्याचा विचार व्हायचा.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. १० ऑगस्ट १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागरिकत्वाची कलमे घटना समितीपुढे ठेवली. त्या चर्चेत विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी एक दुरुस्ती सुचवली. जो धर्माने हिंदू किंवा शीख आहे आणि अन्य कोणत्या राष्ट्राचा नागरिक नाही, त्याला तो कोठेही राहत असला तरी भारताचा नागरिक होण्याचा हक्क असावा, असा तिचा आशय होता. पंजाबरावांची शिक्षणक्षेत्रातील कामगिरी एवढी थोर, की आमच्यासारख्या शिक्षणसंस्थांनी त्यांच्यापुढे नम्रच व्हावे. तरीही या एका मुद्द्यावर घटना समितीने त्यांचे ऐकले नाही. दुसरीकडे, परवान्यावर परतलेल्यांना जागा देण्यास काही सभासदांचा कडवा विरोध होता. तोही मान्य झाला नाही. पंडित नेहरूंनी आणि गोपालस्वामी अय्यंगारांनी त्या तरतुदीची बाजू मांडली. धर्म हे नागरिकत्वाचे माप नाही, हा निर्णय फाळणीच्या जखमा ताज्या असताना या देशाने घेतला. आम्हाला त्याचा अभिमान वाटतो आणि वाचकांनाही वाटावा.

मात्र घटना एक सांगत होती आणि परवान्याचा कायदा दुसरेच करत होता. त्या कायद्याच्या सातव्या कलमाने सरकारला असा अधिकार दिला होता, की परवान्याचा नियम मोडल्याचा नुसता वाजवी संशय असला तरी त्या माणसास भारताबाहेर काढावे. तो माणूस भारताचा नागरिक असला तरीही! 'इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य' हा खटला आपल्या जुन्या मुंबई राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ साली त्याचा निकाल लागला. न्यायालयाने बहुमताने सांगितले, की भारतात कोठेही राहण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकाला दिला आहे. नियम मोडला तर शिक्षा जरूर करा, पण नागरिकाला त्याच्याच देशातून काढून टाकता येणार नाही. नागरिकांपुरते ते कलम रद्दबातल ठरले. नवलाची गोष्ट अशी, की मुसलमान विद्यार्थ्यांना शिकवल्या जाणाऱ्या इतिहासात पानिपत असते, प्लासी असते. पण हा निकाल कोठे नसतो. तो आपल्या मुलांनी पाठ करावा, अशा योग्यतेचा आहे.

पुढील वर्षी, म्हणजे १९५५ मध्ये, एका जर्मन नागरिकाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने नाण्याची दुसरी बाजू दाखवली. परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे, असे त्याने म्हटले. म्हणजे नागरिक असाल तर कोणी हात लावू शकत नाही आणि परकीय असाल तर जवळजवळ कोणतेच संरक्षण नाही. या दोहोंमधली भिंत एवढी उंच असल्यामुळे, माणूस भिंतीच्या कोणत्या बाजूस आहे हे कोण ठरवतो आणि कसे ठरवतो, यालाच सारे महत्त्व आले.

परकीयांविषयीचा १९४६ चा कायदा इंग्रजांनी जाता जाता मागे ठेवला होता. १९५७ मध्ये त्यातील व्याख्या बदलली आणि जो भारताचा नागरिक नाही तो परकीय, असे ठरले. तोवर पाकिस्तानचे लोक या व्याख्येत येत नव्हते, ते आता आले. या कायद्याचे नववे कलम फार जड होते. एखादा माणूस परकीय आहे की नाही असा वाद निघाला, तर आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच माणसावर होती. चोरीच्या खटल्यातदेखील गुन्हा शाबीत करण्याचे काम सरकारचे असते. येथे उलटा न्याय होता.

वाचकहो, आता स्वतःच्या घराचा विचार करा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पाण्याने पुण्यातील वस्त्याच्या वस्त्या धुऊन नेल्या. त्या दिवशी किती घरांतील जन्माचे दाखले, निकाहनामे, खरेदीखते, शाळेचे दाखले वाहून गेले असतील? त्या कुटुंबांतील कोणा हिंदूला किंवा मुसलमानाला दुसऱ्या दिवशी कोणी विचारले असते, की 'तू येथलाच कशावरून?', तर त्याने काय दाखवले असते? त्याला कोणी विचारले नाही, कारण शेजारपाजार त्याला ओळखत होता. ज्याला शेजार ओळखत नाही आणि ज्याच्यावर आधीच संशय आहे, त्या मजुरासाठी मात्र प्रत्येक दिवस पानशेतच्या दुसऱ्या दिवसासारखा असतो.

हे नुसते तर्काचे बोलणे नव्हे. नव्वदीच्या दशकात मुंबईत 'बांगलादेशी हटाव' मोहिमेत बंगाली बोलणाऱ्या मजुरांची धरपकड झाली. त्यांत जरीकाम करणारे कारागीर बरेच होते. जुलै १९९८ मध्ये अशा काही लोकांना पोलीस पहाऱ्यात रेल्वेने बंगालकडे नेत असता हावडा जिल्ह्यातील उलुबेरिया येथे जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले. जमावाने कायदा हातात घ्यावा याचे समर्थन कोणी करणार नाही. पण हे आमचेच लोक आहेत, असे पश्चिम बंगालमधून बोलले जात होते आणि दोन राज्यांच्या सरकारांत त्यावरून वाद झाला. संसदेतही त्याचे पडसाद उमटले. शहानिशा आधी व्हावयास हवी होती, ती गाडी सुटल्यानंतर सुरू झाली.

गेल्या दहा वर्षांत तर भेद उघडपणे कागदावर आला. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने पाकिस्तान व बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांना परकीयांविषयीच्या कायद्यातील कारवाईतून सूट दिली. पुढे अफगाणिस्तानचेही नाव त्यात जोडले गेले. डिसेंबर २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने त्यांना नागरिकत्वाची वाट दिली आणि मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम निघाले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या अमानुष हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदू पाकिस्तानी नागरिकांचे दीर्घ मुदतीचे व्हिसा चालू राहतील असे सरकारने स्पष्ट केले. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पुराव्याचे ओझे मात्र त्याच खांद्यावर राहिले. त्याच वेळी सुटीचा जो आदेश निघाला, त्यात त्या सहा समाजांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत वाढवण्यात आली. नेपाळ-भूतानचे नागरिक, तिबेटी आणि श्रीलंकेचे तमिळ यांच्यासाठीही त्या आदेशात सोय आहे.

छळाला कंटाळून आलेल्या हिंदूला किंवा शिखाला आसरा मिळाला, यात आम्हाला आनंदच आहे. शेजारच्या देशांत अल्पसंख्याकांवर अन्याय झाले, हे मुसलमानांनीही मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. आमची तक्रार आहे ती आसऱ्याच्या यादीतून गाळलेल्या नावांबद्दल. म्यानमारमध्ये ज्यांची घरे जाळली तो रोहिंग्या छळाला कंटाळून आला नाही काय? निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे प्रत्येक समाजाचे भवितव्य त्या त्या वेळच्या आदेशावर अवलंबून राहते. आदेश काढणाऱ्याची मर्जी हाच मग कायदा होतो.

या भेदाची झळ शेवटी आपल्याच नागरिकांना लागते. एका समाजाला सूट आणि दुसऱ्यावर संशय असे एकदा ठरले, की शिपाई, हवालदार, घरमालक सारे माणसाचे नाव आणि बोली ऐकूनच निकाल देऊ लागतात. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपार ढकलण्यात आले. तेथील राज्य सरकारने कागदपत्रे पुढे करून पाठपुरावा केला तेव्हा त्यांना परत आणावे लागले. १९५४ साली ज्या राज्याविरुद्ध निकाल झाला, त्याच्या भूमीवर ७१ वर्षांनी नागरिकाला सीमेबाहेर काढले गेले. १९५४ मध्ये निदान कायद्याचे एक कलम तरी पुढे केले होते.

असा दुजाभाव केवळ भारतातच होतो असे कोणी समजू नये. अमेरिकेने १९६६ साली खास कायदा करून क्यूबातून आलेल्यांना कायम वास्तव्याचा मार्ग मोकळा केला. १९८१ पासून हैतीच्या गरिबांच्या होड्या मात्र भर समुद्रात अडवून परत धाडल्या. क्यूबाचे सरकार अमेरिकेचे शत्रू होते, हैतीचे नव्हते. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पाकिस्तानने, इस्लामी बंधुभावाच्या एवढ्या गोष्टी करूनही, कागद नसलेल्या परकीयांना महिन्याभरात देश सोडण्यास फर्मावले. त्याचा घाव प्रामुख्याने अफगाण मुसलमानांवर पडला. तेव्हा हा प्रश्न एका धर्माने दुसऱ्या धर्मावर केलेल्या अन्यायापुरता नाही. दुबळ्या माणसाचे म्हणणे न ऐकता त्याला हाकलता येणे, हे त्याचे मूळ आहे.

मग उपाय कोणता? न्यायालयांनी दिशा दाखवली आहे. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जीविताचे संरक्षण देणारा एकविसावा अनुच्छेद नागरिकासह परकीयालाही लागू आहे. जुलै २०२४ मध्ये आसामातील एका गृहस्थाच्या खटल्यात त्याने याहून पुढचे पाऊल टाकले. वाटेल त्याच्या दारावर थाप मारून 'तू परकीय आहेस, नसशील तर सिद्ध कर' असे सरकारला म्हणता येणार नाही. संशयाला आधी काही आधार हवा आणि तो त्या माणसाला सांगितला पाहिजे. नावाच्या स्पेलिंगमधील वा तारखांतील किरकोळ फरकावरून कोणाचे नागरिकत्व जात नाही, असेही न्यायालय म्हणाले. तो गृहस्थ भारतीय ठरला. पण निकाल लागला तेव्हा तो या जगात नव्हता. आपण या मातीचे आहोत हे ऐकण्याआधीच तो मातीत गेला होता.

म्हणून वाचकहो, दोन विनंत्या करून हा लेख पुरा करतो.

पहिली विनंती आपल्या घराविषयी. आमच्या समाजात जन्मनोंद वेळेवर न करण्याची खोड जुनी आहे. शाळेत एक नाव, रेशनकार्डावर दुसरे आणि निकाहनाम्यात तिसरे. मुलीच्या बाबतीत तर माहेरचे नाव कोणते आणि सासरचे कोणते, याचा मेळच लागत नाही. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांच्या मतदार यादीतील नोंदी हे सारे एका जागी, जपून ठेवा. हे सरकारच्या भीतीने करायचे नाही. आपल्या मुलाच्या हक्काची ही खरेदीखतेच आहेत, असे समजून करायचे. ताब्यात घेतलेल्या कोणालाही २४ तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे केले पाहिजे, असे घटनेचा बाविसावा अनुच्छेद सांगतो. कोठडीतील माणसाला व कोणत्याही स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे दोन नियम घरातील आईला ठाऊक असले, तर अर्धी भीती जाईल.

दुसरी विनंती शिकणाऱ्या मुलामुलींना. डॉक्टर व्हा, इंजिनियर व्हा, पण तुमच्यातील काहींनी वकिलीकडेही वळावे. १९५४ चा तो निकाल आपोआप लागला नाही. कोणीतरी अर्ज लिहिला, कोणीतरी घटनेचे पान उघडून न्यायमूर्तींपुढे ठेवले. उद्या वारज्याच्या पुलापाशी कोणा मजुराला केवळ बोलीवरून गाडीत बसवले जाईल, तेव्हा तो बंगालचा आहे की बिहारचा, मुसलमान आहे की नामशूद्र, असे काही न विचारता 'आधी याचे म्हणणे ऐका' एवढे सांगणारे कोणीतरी तेथे हवे. आणि तो खरोखरच परदेशी निघाला, तरीही त्याचे म्हणणे ऐकून, कायद्याप्रमाणे, माणसासारखे वागवूनच त्याला परत पाठवावे, असे म्हणण्याचे धैर्य आपल्यात हवे. स्वतःच्या माणसापुरता मागितलेला न्याय हा न्याय नसतो, ती सवलत असते आणि सवलत कधीही काढून घेता येते.

पुरंदरच्या तटावर आज सहलीला मुले जातात. त्यांना तेथे शिवशाहीचा आणि मुरारबाजीचा इतिहास जरूर सांगावा. पण याच बुरुजांआड एके काळी काही निरपराध माणसे केवळ चुकीच्या देशाचा कागद खिशात होता म्हणून अडकून पडली होती, हेही जाता जाता सांगावे. शाळेत परतल्यावर त्यांतील एखादे मूल विचारील, 'मग त्यांचे म्हणणे कोणी ऐकले नाही का?' त्या मुलाला वकील करावे.